सत्तर पौंडांचं धनुष्य

माझ्या बापाचा बाण एकदा आमच्या शिवेवरून सुटला तो थेट लोधीखेड्याच्या बाजारात एका भजेवाल्याच्या कढईत जाऊन पडला. तेल उडालं, माणसं पळाली, बाणाला काही झालं नाही, आणि त्या घाण्यातली भजी म्हणे अशी खुसखुशीत निघाली की भजेवाल्यानं ती कढई पुढची सात वर्षं देव्हाऱ्यात ठेवली.

ही गोष्ट मी सौसरच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाण फक्त बोरगावच्या रस्त्यापर्यंत गेला होता. पुढल्या आठवड्यात त्यानं रेल्वेचे रूळ ओलांडले. मोहगावला पोचायला त्याला एक पावसाळा लागला. लोधीखेडा मी सगळ्यात शेवटी जोडलं, तेव्हा टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "तुह्या बापाचा बाण दर साली चार मैल पुढं जाऊन राहिला बे. त्याचं परमिट तरी काढलं का?"

लोक हसले. मीही हसलो. लोक हसले की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की मी आणखी दोन मैल वाढवायचो. मी तेव्हा सौसरच्या एका जिनिंगात काट्यावर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कापसाचं वजन अचूक सांगायचं, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. संध्याकाळी टपरीवर आलो की तो सगळा अचूकपणा मी चहात बुडवून टाकायचो.

खरी गोष्ट लहान होती. आमच्या गावाच्या शिवेवर एक नाला आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटायला गाव त्या नाल्यापलीकडे जायचं, पण त्याआधी अलीकडच्या दगडावर उभं राहून एकानं पलीकडे एक बाण सोडायचा. बाण पडेल तिथून जवळच्या आपट्याची पहिली डहाळी मारुतीला, मग बाकीच्यांनी पानं तोडायची. हा रिवाज दुसऱ्या कुठल्या गावात आहे की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे होता, आणि बावीस वर्षं तो बाण माझे बाबा सोडत होते. तरुणपणी ते जंगलात बांबूतोडीवर मुकादम होते, तिथे एका गोंड म्हाताऱ्यानं त्यांना कमठा करायला आणि ओढायला शिकवला. कमठा म्हणजे बांबूचं धनुष्य. घरी आमचा संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशीची पऱ्हाटी. सगळं आयुष्य संत्र्यात गेलं, पण गावात त्यांची ओळख त्या एका बाणाची होती. वर्षातून एक बाण. बाकी तीनशे चौसष्ट दिवस कमठा खुंटीला.

मग एका बहाराला संत्र्याच्या पेट्या ट्रकमध्ये चढवताना फाळका सुटला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात महिनाभर जाणं-येणं झालं. हात वाचला, कामाला लागला, फावडं धरू लागला. पण कमठा ओढून धरता येईना. ओढायचे, हात कानाजवळ यायच्या आधीच थरथरायचा, आणि ते दोरी हळूच परत सोडायचे, झोपलेल्या लेकराखालचा हात काढून घ्यावा तशी.

दोन दसरे तसेच गेले. पुजारी बाण हातात घेऊन नाल्यातून चालत जायचा आणि पलीकडे मातीत रोवून यायचा. बाबा लोकांच्या मागे उभे. त्या दोन्ही वर्षी त्यांनी सगळ्यांना सोनं डाव्या हातानं दिलं. मी तिकडे पाहिलंही नाही, मला टपरीवर जायची घाई होती. तिथे बाण अजून लोधीखेड्याला जात होता.

हे सगळं ऐंशीनंतरचं, गावात पहिला टीव्ही आला होता त्या दिवसांतलं. आमच्या जिनिंगात एक फिटर होता, नागपूरला त्याचं जाणं-येणं. तो एकदा म्हणाला, "भाऊ, नागपूरले बर्डीवर एका खेळाच्या सामानाच्या दुकानात चाकाचं धनुष्य पायलं म्या. दोन्ही टोकाईले चाकं. ओढाले जड, पण अर्ध्यावर गेलं का चाक फिरते अन् अर्धं वजन गायब. मंग धरून बस, पाहिजे तं बिडी पे."

मी घरी येऊन हे सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "चाकाचं? मंग त्यावर बसून बजारात जाता येते का?" बाबा हात धुऊन जेवायला बसले. दोन दिवस विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही बगीच्यात आळ्यांना पाणी देत होतो, तेव्हा पाण्याकडेच पाहत ते म्हणाले,

"अर्धं वजन कमी होते म्हणते तो?"

"हो, बाबा."

"धरून ठेवाले अर्धंच लागते?"

"फिटर तसंच म्हणून राहिला."

त्यांनी एका आळ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं फोडलं. मग म्हणाले, "किती पडते ते विचारून ये. बाराशेच्या वर नाई होनार. अन् एक आयक. माह्या हाताले झेपन असं आन. लोकाईले दाखवाचं नाई हाय, नाला पार कराचा हाय."

हे वाक्य मी आज जसंच्या तसं लिहू शकतो. त्या दिवशी मी ते पाण्याच्या पाटावरून बंगल्यापर्यंतसुद्धा नेलं नाही. आम्ही बगीच्यातल्या टिनाच्या खोलीला बंगला म्हणायचो, यावरून आमच्या घराण्यात वाढवून बोलणं कुठवर होतं ते समजून घ्या.

बाराशे रुपये पोटाशी बांधून मी पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं नागपूरला गेलो. दुकान सापडलं. दुकानदार चष्म्यावरून बघणारा, कमी बोलणारा, सभ्य माणूस होता. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला त्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि दोन धनुष्यं काढून काउंटरवर ठेवली. तिसरं होतं, पण त्याची किंमत ऐकून मी ते नीट पाहिलंसुद्धा नाही.

पहिलं जुनं होतं, कोणीतरी वापरून विकलेलं. मुठीवरचा रंग गेलेला, एका टोकाला ओरखडा. दुसरं नवंकोरं, खोक्यातलं, तेलाचा वास येत होता. दोन्हीचा भाव सारखाच, आणि दोन्ही बाराशेच्या आत.

"हे जुनं पंचेचाळीस पौंडांचं," दुकानदार म्हणाला. "ओढायला तेवढा जोर लागतो. हे नवीन सत्तरचं. वर्षभर पडून आहे, म्हणून या भावात देतोय. कोणाला ओढवत नाही. कुणासाठी पाहिजे?"

"वडलांसाठी."

"वय काय त्यांचं?"

आता इथे मी सांगायला हवं होतं की साठीला टेकलेत, उजवा खांदा फाळक्याखाली आला होता, आणि नाला पार करायचा आहे, बस. पण समोर अनोळखी माणूस बसलेला, स्टूल दिलेलं, पाणी दिलेलं, आणि तो कान देऊन ऐकत होता. मी म्हणालो, "वय सोडा साहेब. आमच्या बापानं दोन बैलांची जोडी उधळली तर कासरा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं फेटा बांधलाय."

दुकानदारानं चष्मा काढून पुसला. "मग त्यांना घेऊन या एकदा. हाताला लावून पाहू. असं दुसऱ्याच्या अंदाजावर घेऊ नये."

"त्यांचा अंदाज मला आहे."

मग मी ते केलं जे आमच्याकडचा कोणीही माणूस करेल. आमच्याकडे संत्रं विकत घेताना रंग पाहत नाहीत. तळहातावर ठेवतात, किंचित वर-खाली करतात. हलकं लागलं की आतून सुकलेलं, भुसा. जड लागलं की रसाचं. लहानपणापासून हात तसाच तयार झालेला असतो. बैलाची झूल घ्यायची असो की आईसाठी पितळेची घागर, आधी हातावर तोलून पाहायचं. शिवाय मी काट्यावरचा माणूस. जड ते चांगलं, जड त्याला भाव, हे मी दिवसातून दोनशे वेळा पाहत होतो. मी जुनं धनुष्य डाव्या तळहातावर घेतलं, नवं उजव्या. जुनं हलकं होतं. नवं जड. मनात म्हटलं, हे रसाचं.

दुकानदारानं तीन बाण बांधून दिले आणि एक वाकडी छोटी चावी माझ्या हातात ठेवली. दोन्ही टोकांच्या पात्यांचे बोल्ट दाखवले. "ही एलन चावी. दोन्ही बोल्ट सारखेच फेरे सैल करायचे. पंचावन्नपर्यंत उतरतं. वडलांना जड गेलं तर घरी करून घ्या. आणि बाण न लावता दोरी सोडू नका, मोडेल."

चावी मी शर्टाच्या खिशात टाकली. घरी जाऊन आधी सैल करू, मग बाबांच्या हातात देऊ, असं माझं ठरलं होतं. शपथेवर सांगतो, ठरलं होतं. पण पांढुर्ण्याला उतरून सौसरची बस धरली, आणि बस टपरीसमोर थांबली.

टपरीवर नेहमीचे सगळे होते. मी खोकं बाकावर ठेवलं आणि सावकाश चहा मागितला, कारण खोक्याबद्दल कोणी विचारल्याशिवाय सांगण्यात मजा नसते.

"काय आनलं बे एवढं?" टपरीवाला म्हणाला. "बायको तं नाई न आनली खोक्यात?"

"बापाचं धनुष्य. विदेशी."

खोकं उघडलं. चाकं पाहून सगळे जागचे उठले. मी म्हणालो, "सत्तर पौंड." कोणालाच पौंडाचा अंदाज येईना, तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे तेलाचे भरलेले दोन डबे एका बोटाला लटकवून कानापर्यंत आणायचे." मग एक पैलवान पुढे आला. त्यानं मूठ धरली, दोरी ओढली, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, दोरी वीतभर आली आणि तिथेच अडून बसली. पैलवानानं ती परत नेली आणि हात झटकत बसला. पाठोपाठ तिघांनी ओढून पाहिलं. कोणाचं चाक फिरलं नाही.

टपरीवाला डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होता. "अन् तुहा बाप ओढते का हे? खांदा मोडला म्हनत होते त्याचा."

इथे एका श्वासात खरं बोलून टाकता आलं असतं. चावी खिशात होती. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "खांदा? अरे, तो फाळका मोडला. बापानं काल बगीच्यातला मोटरपंप विहिरीतून हातानं ओढून काढला. हे तं तो एका हातानं ओढन, दुसऱ्या हातात चहा धरून."

"मंग दसऱ्याले येतो आमी पाहाले," टपरीवाला म्हणाला.

"या ना," मी म्हणालो. "चहा आनजा संगं."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बाबा ओट्यावर वाटच पाहत बसले होते, पण वाट पाहत नसल्यासारखे सुतळीला पीळ देत. धनुष्य त्यांनी हातात घेतलं, चाकं फिरवून पाहिली, मुठीवरून अंगठा फिरवला. मी अजून चावी काढली नव्हती. का नाही काढली, याला मी तीस वर्षं कारणं शोधतो आहे. मला वाटतं, मला पाहायचं होतं. टपरीवर मी सांगितलेला बाप एकदा तरी खरा निघतो का, हे मला पाहायचं होतं.

त्यांनी ओढलं. पैलवानाची आली तेवढीच दोरी आली. मग त्यांचा डावा पाय मागे सरकला, ओठ पांढरे पडले. दोरी परत नेताना त्यांनी डोळे मिटून घेतले. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "बम जड हाय. पन चांगलं हाय."

आई दारातून म्हणाली, "तुमाले झेपते असं आनाले सांगतलं होतं ना त्याले?"

"त्यानं चांगल्या मनानं आनलं," बाबा म्हणाले.

मग मी चावी काढली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आम्ही दोघं बगीच्यात गेलो. मी दोन्ही बोल्टांचे फेरे मोजून सैल केले आणि सांगितलं की आता पंचावन्न झालं. बाबांनी बाण लावला आणि ओढू लागले. मध्ये एका जागी हात थरथरला. मग चाक फिरलं. टक्. एवढासा आवाज. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते सांगायला मी कुठलीही अतिशयोक्ती वापरणार नाही: त्यांची भुवई वर गेली, बस. हात कानाजवळ होता आणि थरथरत नव्हता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मी मनात आकडे मोजत होतो. मग बाण सुटला, संत्र्याच्या दोन रांगांमधून सरळ गेला आणि टोकाच्या मातीच्या बांधात घुसला.

बाबा बाण आणायला पावलं मोजत गेले. त्यांची सवय होती. परत येताना ते हसत होते, दात दाखवून, मी फार दिवसांनी पाहिलं.

"नाला तं आरामात पार होते, बाबू," ते म्हणाले. "तुह्या फिटरले चहा पाज."

मी आनंदानं बोलत सुटलो. म्हटलं, दसऱ्याला टपरीवरचे लोक पाहायला येणार आहेत, पैलवानानं हात टेकले, सगळ्यांना धडकी भरली आहे सत्तर पौंडांची.

बाबांचं हसणं हळूहळू आत गेलं.

"पन हे तं पंचावन्न हाय ना आता."

"कोणाला काय कळते, बाबा."

"मले कळते ना." त्यांनी धनुष्य आडवं मांडीवर ठेवलं. "त्या दगडावर उभं राहून खोटं नाई करता येत, बाबू. बावीस साल झाले. तू त्याइले सांगून दे, धनुष्य सैल केलं, पंचावन्नचं हाय, बुढ्याचा खांदा गेला हाय म्हनून केलं. मंग मी मारतो बान. आनंदानं मारतो."

"सांगतो."

"टपरीवरच सांग. जिथं सत्तर सांगतलं तिथंच."

"सांगतो म्हटलं ना, बाबा."

दसऱ्याला नऊ दिवस होते. काम एवढंच होतं: टपरीवर जायचं, एक वाक्य बोलायचं. पहिल्या दिवशी गेलो तर टपरीवाला कोणा नवीन माणसाला माझ्या बापाच्या मोटरपंपाची गोष्ट सांगत होता, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगत होता. मध्ये तोडायला जीव झाला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गर्दी नव्हती, म्हणून सांगितलं नाही. म्हटलं सगळे असताना एकदाच सांगू. तिसऱ्यांदा सगळे होते. मी चहा संपवला, पेला ठेवला आणि म्हणालो, "ते धनुष्य सत्तरचं नाही रे आता. पंचावन्नचं आहे."

मग टपरीवाला म्हणाला, "मंग बाकीचे पंधरा पौंड तुह्या बापानं न्याहारीले खाल्ले काय?"

टपरी हसून कोसळली. पैलवान तर बाकावरून खाली आला. सगळे माझ्याकडे पाहत होते, पुढचं ऐकायला, मी यातून काय काढतो ते पाहायला. मला नुसतं म्हणायचं होतं, नाही भाऊ, हे खरं आहे. आणि मी म्हणालो, "हो ना, चटणीसंग."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "सांगतलं?"

"सांगितलं," मी म्हणालो. आणि बघा, ते खोटंसुद्धा नव्हतं.

दसऱ्याला टपरीवरचे लोक एक मेटाडोर करून आले. नाल्यावर गाव जमलं होतं. बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, टोपी नवी होती. सकाळपासून त्यांनी तीनदा हात वर करून पाहिला होता, आई मोजत होती. दगडावर चढण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावून पुन्हा विचारलं, "त्याइले सांगतलं नं?" मी मान हलवली.

त्यांनी बाण लावला. नाल्याच्या पलीकडे ऊन आपट्यावर होतं. तेवढ्यात मागून टपरीवाल्याचा आवाज आला, चांगल्या मनानं, अभिमानानंच:

"चला काका! दाखवा सत्तर पौंड! आमचा पैलवान हारला तिथं!"

"चहा आनला काय रे? एका हातात चहा लागते त्याइले!" दुसरा ओरडला. गाव हसलं.

बाबांनी दोरीवरची बोटं सैल केली. वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काट्यावर वजन पाहताना शेतकरी माझ्याकडे पाहायचे ना, आकडा खरा आहे ना रे बाबू, असं विचारल्यासारखे, तसे त्यांनी पाहिलं. मी पायाखालच्या मातीकडे पाहू लागलो.

"आज हात उठून नाई राहिला बाप्पा," बाबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खांद्यात चमक भरली."

त्यांनी धनुष्य दगडाला टेकवून ठेवलं आणि बाण पुजाऱ्याच्या हातात दिला. लोकांत हळहळ झाली. टपरीवाला पुढे येऊन त्यांच्या पाया पडला. "होते काका, वय हाय. पुढल्या साली." बाबा म्हणाले, "हो, पुढल्या साली." पुजारी नाल्यातून चालत गेला आणि पलीकडे बाण मातीत रोवला.

तेव्हाही वेळ होता. मी ओरडून सांगू शकलो असतो की खांदा ठीक आहे, धनुष्य पंचावन्नचं आहे आणि खोटारडा मी आहे. फार तर लोक हसले असते. सगळ्या आयुष्यात लोकांनी हसावं म्हणून धडपडलो आणि त्या एका दिवशी हसण्याला भ्यालो.

घरी आई म्हणाली, "सकायी तं उठून राहिला होता हात."

"सकायी उठला होता," बाबा म्हणाले, आणि टोपी खुंटीला अडकवली. मला सोनं त्यांनी डाव्या हातानं दिलं.

पुढल्या साली त्यांनी धनुष्य मागितलं नाही. त्याच्याही पुढल्या साली नाही. मी एकदा म्हणालो, बाबा, आता टपरीवाले विसरले, या वर्षी मारा. ते म्हणाले, "तू विसरला काय?" एवढंच. ते त्यानंतर बरीच वर्षं होते, बगीचा पाहत होते, माझ्याशी सगळं बोलत होते. माझ्या गोष्टींनाही हसायचे. फक्त बाणाची गोष्ट निघाली की ते उठून बैलाला पाणी दाखवायला जायचे. बैलही त्या वर्षांत किती पाणी प्यायला असेल.

आता ते नाहीत. बाण अजूनही पुजाऱ्याचा मुलगा चालत नेऊन रोवतो. धनुष्य माझ्याकडे आहे. दोरी कुजली, एक चाक गंजून बसलं. चावी मात्र चकचकीत आहे, कारण ती मी अधूनमधून हातात घेतो. टपरीवाला गेला, त्याच्या मुलानं तिथे मोबाइलचं दुकान टाकलं. म्हणजे जिथं सत्तर सांगितलं तिथंच पंचावन्न सांगायचं तर आता ती जागाही उरली नाही. म्हणून हे लिहितो आहे. लिहिताना समोर कोणी हसणारं नसतं, तेवढं सोपं जातं.

तरी हात सवयीनं वळतोच. वर मी पैलवान लिहिलं. तो पैलवान नव्हता, शाळेतला चपराशी होता, नुसता अंगानं धिप्पाड. मेटाडोर नव्हती, चार लोक दोन सायकलींवर आले होते. बैलांची जोडी कधी उधळली नाही. मोटरपंप यारीनंच, म्हणजे विहिरीवरच्या कप्पी-दोरानंच, निघाला. लोधीखेड्याला कुठल्या कढईत काही पडलं नाही.

मागच्या दसऱ्याला सगळे निघून गेल्यावर मी दगडापासून नाल्यातून चालत त्या आपट्यापर्यंत पावलं मोजली. चौऱ्याऐंशी भरली. एवढंच बाबा बावीस वर्षं पार करत होते. आणि त्या दुपारी बगीच्यात, मोडलेल्या खांद्यानं, पंचावन्न पौंडांच्या धनुष्यानं सोडलेला त्यांचा शेवटचा बाण शहाण्णव पावलं गेला होता. ती त्यांनी मोजली. मी मागून चालत होतो, मीही मोजली. शहाण्णवच होती.